टी.वाय.ला स्पेशल इंग्लिश

नाशिकच्या कॉलेज रोडवर एखाद्या मुलीने 'स्पेशलला इंग्लिश घेतलंय' असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. बी.एड. करणार की एम.पी.एस.सी.? कीट्स आवडतो का, हे सहसा कुणी विचारत नाही. पण त्यात विचारणाऱ्याचा दोष नाही. या विषयाच्या कुळातच परीक्षा आणि नोकरी आहे.

इंग्रजी साहित्य हा पदवीचा विषय म्हणून ऑक्सफर्डने १८९४ मध्ये मान्य केला, केंब्रिजने तर १९१७ मध्ये. आपल्याच भाषेतल्या कविता वाचायला प्राध्यापक कशाला हवा, अशी तिथल्या जुन्या मंडळींची समजूत होती. शिकायचं ते ग्रीक आणि लॅटिन. आपल्याकडे मात्र मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणानंतर सरकारी शिक्षणाचा पैसा इंग्रजीकडे वळला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं आणि १८६२ मध्ये रानडे, भांडारकर यांची पहिली तुकडी पदवीधर झाली. म्हणजे ऑक्सफर्डच्या मुलाला इंग्रजी साहित्यात पदवी मिळण्याच्या कितीतरी आधी पुण्या-मुंबईची मुलं त्या साहित्यावर परीक्षा देत होती. राज्यकर्त्यांना कारकून आणि मुन्सफ हवे होते, आणि ते इंग्रजी वळणाचे हवे होते. कविता हे ते वळण लावायचं साधन.

या कारभारात एक गंमतही घडली. कवी वर्डस्वर्थचा नातू, त्याचंही नाव विल्यम वर्डस्वर्थच, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता. हा गृहस्थ नव्या काँग्रेसबद्दल सहानुभूती बाळगणारा निघाला. साधन नेहमी मालकाचंच ऐकतं असं नाही.

रोमँटिक कवींचं आपल्याकडे इतकं प्रस्थ का, याचं बरंचसं उत्तर एका पुस्तकात आहे. फ्रान्सिस पालग्रेव्हने १८६१ मध्ये 'गोल्डन ट्रेझरी' हा कवितासंग्रह काढला, टेनिसनचा सल्ला घेऊन. त्याचे चार भाग. त्यातला चौथा, वर्डस्वर्थ, शेली, कीट्स, बायरन यांचा, सर्वांत जाड. जॉन डनला त्या पहिल्या आवृत्तीत जागाच नव्हती. हे पुस्तक हिंदुस्थानातल्या शाळा-कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यामुळे इंग्रजी कविता म्हणजे डोंगर, चंडोल, एकांत आणि बंड, असं आपल्या पणजोबांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. केशवसुत आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी मराठीत सुनीत रुजवलं, ते याच हवेत.

नाशिकला हा विषय उशिरा पोचला. पदवी घ्यायची तर पुणं किंवा मुंबई गाठावी लागे. गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ मध्ये इथे कॉलेज काढलं. पुढे तेच हंसराज प्रागजी ठाकरसी, म्हणजे आपलं एच.पी.टी. परीक्षा मुंबई विद्यापीठाचीच, 'संदर्भासहित स्पष्टीकरण द्या' हा प्रश्नही तोच.

या कॉलेजातून १९३४ मध्ये विष्णू वामन शिरवाडकर नावाचा विद्यार्थी मराठी आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झाला. शाळा पिंपळगाव बसवंतला आणि मग नाशिकला. कॉलेजात असतानाच 'जीवनलहरी' हा छोटा संग्रह निघाला होता, आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातही हा मुलगा उतरला होता. हा मुलगा म्हणजेच कुसुमाग्रज. ते पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले नाहीत. सिनेमात गेले, वर्तमानपत्रांत राबले, मग नाटकाकडे वळले. आणि इथेच मला या विषयाची खरी नाशिककर शाखा सुरू झालेली दिसते. त्यांचं 'दूरचे दिवे' (१९४६) हे ऑस्कर वाइल्डच्या 'अ‍ॅन आयडियल हजबंड'वरून आलं. वाइल्डचं नाटक १८९५ चं. नावाजलेल्या राजकारण्याने तरुणपणी सरकारी गुपित विकून संपत्ती मिळवलेली, आणि एक बाई त्याचं पत्र घेऊन दारात उभी. स्वराज्य वर्षभरावर आलेलं असताना मराठी नाटककाराला नेमकी ही गोष्ट उचलावीशी वाटली, हा मला योगायोग वाटत नाही. मग 'वैजयंती' मेटरलिंकवरून, 'राजमुकुट' (१९५४) मॅकबेथवरून, 'ऑथेल्लो', आणि १९७० मध्ये 'नटसम्राट'. त्यात लिअर आहे आणि नाहीही. त्यातले बेलवलकर पूर्णपणे आपले आहेत. परीक्षेत या सगळ्याला शून्य गुण मिळाले असते, कारण प्रश्नपत्रिकेत 'हे आपलं करून दाखवा' असा प्रश्न नसतो.

दुसरे नाटककार वसंत कानेटकर मात्र याच एच.पी.टी.मध्ये प्राध्यापक होते.

इंग्रजी साहित्यातला आधुनिक काळाचा भाग अभ्यासक्रमाआधी कवी मर्ढेकरांच्या हातून मराठीत आला. ते स्वतः इंग्रजी शिकवत. लंडनला राहून आलेले, एलियट पचवलेला. १९४७ च्या 'काही कविता'ने मराठी वाचकाची झोप उडवली. कादंबरीकार नेमाड्यांनी धुळे, नगर, औरंगाबादला इंग्रजी शिकवतच देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्या मातीतून यावं हा विचार, मांडला. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघालं, नाशिक त्याच्याकडे गेलं, पेपरांची नावं बदलली. १९८९ मध्ये मुक्त विद्यापीठच नाशिकला आलं आणि कॉलेजची पायरी न चढता बी.ए. होता येऊ लागलं. तरी इंग्रजी कविता रोमँटिकांच्या 'लिरिकल बॅलड्स'पासून, म्हणजे १७९८ पासून, मोजायची सवय काही सुटली नाही. गाईडंही तिथूनच सुरू होतात आणि त्यांत प्रत्येक कवीची 'वैशिष्ट्ये' आठ-दहा मुद्द्यांत बसवलेली असतात. ती पाठ करून पास होता येतं. नाटक लिहिता येत नाही.

ज्यांना यंदा हा विषय आहे त्यांनी गाईड बाजूला सारून वाइल्डचं ते नाटक आणि 'दूरचे दिवे' एकाच आठवड्यात वाचावीत. नाशिकच्या जुन्या वाचनालयात विचारा.