साखर आटोक्यात, तरीही…



सासूबाईंची साखर चांगली आटोक्यात होती. दर महिन्याचे आकडे मीच वहीत लिहायचे. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "आपल्यात अंडं नाही, मांस नाही. आपल्याला कसलं कोलेस्टेरॉल?" मलाही पटलं. गोळ्या डब्यातच राहिल्या. दोन वर्षांनी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या वाचल्या, पण माझ्या मनाला टोचणी लागली. तेव्हापासून मी या आजाराचा इतिहास वाचू लागले.

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. त्याआधी अशी मुलं फार जगत नसत. इन्सुलिनमुळे आयुष्य वाढलं. मग वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने हृदयावर होणारा परिणाम दिसू लागला.

ब्रिटनमध्ये १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात टाइप २ मधुमेहाचे ५,१०२ नवे रुग्ण होते. १९९८ मध्ये निष्कर्ष आले. साखर काटेकोर सांभाळल्याने डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. हृदयविकाराच्या झटक्यांत मात्र तेव्हा तितका ठाम फरक दिसला नाही. याच रुग्णांमध्ये हृदयविकाराची कारणं क्रमाने लावली, तर पहिलं निघालं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. साखर तिसरी होती.

पुढे ब्रिटन-आयर्लंडमधल्या २,८३८ मधुमेहींचा अभ्यास झाला. त्यांचं कोलेस्टेरॉल फार वाढलेलं नव्हतं. निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम अटोर्वास्टॅटिन दिलं. त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास जवळपास दोन वर्षं आधीच थांबवला. हे २००४ साली प्रसिद्ध झालं, म्हणजे आमच्या घरात गोळ्या पडून होत्या त्याच्या कितीतरी आधी.

आणि कोलेस्टेरॉल काही फक्त ताटातून येत नाही. आपलं यकृतच ते तयार करतं. शिवाय तूप, साय, वनस्पती तूप आपल्याही घरात असतंच.

मी कॉमर्सची. एका खात्यातली शिल्लक दाखवून दुसऱ्या खात्यातलं देणं फिटत नाही, हे मला कळायला हवं होतं.

सासूबाईंचा चौविहार होता, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वीची ठरवली. शेवटपर्यंत त्यांनी ती चुकवली नाही. आता माझ्या वहीत दोन रकाने आहेत. तुमच्या वहीत किती आहेत, आज बघा.