कारंज्याचा काटा

कारंजा लाडमध्ये कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट अजून सांगतात. कस्तुरीने लादलेले उंट घेऊन एक परदेशी व्यापारी गावात आला. एवढा माल एकरकमी घेणारा कुणी भेटेना म्हणून तो कंटाळून निघाला होता. तेव्हा गावातल्या एका सावकाराने सगळे उंट रिते करून घेतले आणि हवेलीचं बांधकाम चालू होतं, तिच्या चुन्यात कस्तुरी कालवून टाकली. गोष्टीत अतिशयोक्ती असेल, पण या गावाच्या पैशाचा पुरावाच हवा असेल तर तो १६७० सालचा आहे. त्या वर्षी सुरत दुसऱ्यांदा लुटून झाल्यावर शिवाजी महाराजांचं सैन्य खानदेश-वऱ्हाडात उतरलं आणि कारंज्यावर चालून आलं. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या हिशेबानुसार चार हजार बैलांवर आणि गाढवांवर कोटभर रुपयांचा ऐवज लादून नेला गेला.

हा पैसा हवेलीत बसे, देवळांना लागे, नाहीतर हुंडीवरून मुलुखभर फिरे. वावरापर्यंत तो पोचे तेव्हा कर्ज होऊनच. पेरणीला मणभर बी उचललं तर सुगीला सवा मण फेडायचं, ही सवाई. दीड मण फेडायचं, ती दिढी. मृग आणि सुगी यांच्यात अंतर चार-पाच महिन्यांचं, म्हणजे वर्षाच्या व्याजाचा हिशेब केला तर आकडा डोळे फिरवणारा. पण हिशेब वर्षाचा नसून पावसाचा होता. पाऊस दगा देणार, ही जोखीम सावकार व्याजात धरून ठेवायचा आणि तरीही ती अखेर कुणब्याच्याच गळ्यात पडायची.

आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या या गावाने दीडशे वर्षांत पैसा उभा करण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा पाहिल्या. त्यातल्या काही तर देशात पहिल्या किंवा एकमेव. प्रत्येक वेळी नवं काहीतरी उभं राहिलं आणि प्रत्येक वेळी तोच जुना प्रश्न खाली उरला: जोखीम कुणाची आणि परतावा कुणाचा?

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. बंजाऱ्यांचे तांडे तो पाचशे मैलांवर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत पोचवत. ज्या समाजाचं श्रद्धास्थान आज मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आहे, त्याच समाजाच्या पायांवर मध्य भारताची मालवाहतूक चालली होती. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजायचा, धूळ बसायची, वजन बदलायचं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीकडे सगळ्या जगाचे डोळे लागले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचली. तिचं भांडवल इंग्लंडमधल्या भागधारकांचं होतं आणि त्यावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडीला नफा झाला नाही, तर ते पाच टक्के हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसाऱ्यातून भरायचे. परतावा लंडनला पक्का आणि तोटा इथे, अशी ती व्यवस्था.

लोहमार्ग मूर्तिजापूरवरून गेला. कारंजा तिथून दक्षिणेला सुमारे वीस मैल. बंड्या भरभरून कापूस कारंज्यात येऊ लागला आणि बाजाराचे खेळही वाढले. त्या काळच्या कापूस बाजारांत भाव मोठ्याने बोलला जात नसे. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत आणि सौदा ठरे. ज्याचा माल, तो बंडीच्या जुवाशी उभा राहून त्या रुमालाकडे पाहत राही. मग माप. मापाड्याचा हात जड की हलका, हे मापाडी कुणाचा मिंधा यावर ठरायचं. त्यानंतर कडता, धर्मादाय, हमाली अशी कापाकापी. उलट्या बाजूनेही लबाडी चाले: रुईत सरकी, माती, पाणी मिसळून गठाण जड करायची.

या मिसळीने मँचेस्टर वैतागलं. शुद्ध कापूस रास्त भावात मिळावा, ही तिकडच्या गिरण्यांची मागणी होती आणि तिच्यापोटी १८८६ मध्ये इंग्रजांच्या हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्याचा कापूस बाजार सरकारी नियमांखाली आला. देशातला हा पहिला नियंत्रित बाजार. शेतमाल पणन शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पुस्तकात आजही बाजार समित्यांचा इतिहास कारंज्यापासून सुरू होतो. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला आणि कारंज्याची रीत प्रांतभर गेली.

कल्पना साधी होती. सौदा ठरलेल्या आवारातच व्हायचा. अडते, दलाल आणि मापाडी परवानाधारक हवेत. वजनं तपासलेली हवीत. देखरेखीला समिती. यासाठी तिजोरीतून भांडवल ओतण्याची गरज पडली नाही. येणाऱ्या बंड्यांवरची फी आणि परवान्यांचं शुल्क यांवर बाजाराचा खर्च निघाला. म्हणजे वापरणाऱ्यांच्याच चिल्लर पैशांतून एक नवी संस्था उभी राहिली. आज कुणी अशी रचना मांडली तर तिला चटपटीत इंग्रजी नाव मिळेल.

पण समितीत बसलं कोण? नगरपालिकेची माणसं आणि व्यापारी. बंडीवाल्याने फी भरली, जागा मात्र त्याला मिळाली नाही. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या बाजारांची दखल घेतली, त्यांचा उपयोग मान्य केला आणि हीच उणीव दाखवली. मुंबई इलाख्याने १९२७ मध्ये आपला कापूस बाजार कायदा केला, तेव्हा शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना समितीत घेतलं. वऱ्हाडने वाट दाखवली होती; तिच्यावरचा खड्डा मुंबईने आधी बुजवला.

मूर्तिजापूरच्या वीस मैलांचा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी सुटला. मुख्य मार्गांना जोडणाऱ्या छोट्या फाट्यांसाठी सरकारला स्वतःचा पैसा घालायचा नव्हता. म्हणून १८९० च्या दशकापासून खासगी कंपन्यांना बोलावणं गेलं. तुम्ही भाग विका, रूळ टाका. तुमच्या फाट्यामुळे मुख्य मार्गाला जी जादा कमाई होईल तिच्यातून तुमचा लाभांश ठरावीक टक्क्यांपर्यंत भरून देऊ, किंवा सरळ हमी देऊ, असं ते धोरण. या धोरणाच्या काळात मुंबईच्या किलिक निक्सन पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर असा अडीच फुटी रूळ टाकला गेला. कारंजा त्याच्यावरचं मोठं स्टेशन. कापसाच्या गठाणी आता बंडीऐवजी डब्यातून मूर्तिजापूरला उतरू लागल्या.

हीच लोकांची ‘शकुंतला’. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरलं. गाडी इतकी संथ की माणसं चालत्या डब्यातून उतरून पुन्हा चढत, आणि फाटक लावायला गाडीवरचाच माणूस खाली उतरे. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, हा रूळ मात्र कंपनीच्याच नावावर राहिला. गाडी भारतीय रेल्वे चालवायची आणि मालकी जुन्या भागधारकांच्या वारसदार कंपनीची. ब्रॉडगेज करण्याच्या घोषणा झाल्या, गाडी थांबली आणि रुळांवर गवत वाढलं. भांडवल काढणाऱ्यांनी हिशेब पक्का केला होता. करारात गावाचं हित कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे गाडी बंद पडल्यावर गावाला दाद मागायला दारच उरलं नाही.

सरकारनेही एक प्रयोग करून पाहिला. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने पणन महासंघालाच कापूस विकायचा, ठरलेला भाव घ्यायचा. केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागत, चुकारा हप्त्या-हप्त्याने मिळे आणि त्यातून भांडवल निधीची कपात होई. न विचारता गुंतवणूकदार झालेला शेतकरी, असं त्याचं वर्णन करता येईल. योजना मोडली तेव्हा त्या कपातीच्या परताव्यासाठी कित्येकांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम हा वेगळा जिल्हा झाला. आठ वर्षांनी, २००६ मध्ये, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत वाशीम होता. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, इटलीतल्या बेलाजिओ गावी रॉकफेलर फाउंडेशनने भरवलेल्या बैठकीत ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ हे नाव रूढ झालं. नफ्याबरोबर समाजाचं भलंही मोजायचं, अशी ती गुंतवणूक. २००९ मध्ये याच सहा जिल्ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, राज्य सरकार आणि सर रतन टाटा ट्रस्ट यांनी मिळून समन्वयित कृषी विकास प्रकल्प सुरू केला. गावोगावी तो ‘केम’ म्हणून ओळखला गेला. कर्ज रोममधल्या संस्थेचं, अनुदान ट्रस्टचं आणि काम गावातलं: पाणलोट, शेळीपालन, दालमिल, बचत गट.

यातल्या बचत गटाची मुळं इथल्या भिशीत होती. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने पुढे गावागावांत गट बांधले. बैठक ठरल्या दिवशी होते. सतरंजीच्या मधोमध पत्र्याची पेटी. किल्ली एकीकडे, वही दुसरीकडे, पेटी तिसरीकडे, म्हणजे एकटीच्या हाती काहीच नाही. प्रत्येकीचं नाव मोठ्याने वाचलं जातं आणि ती नोट मोजून ठेवते. मग कर्जाची मागणी. शेळीला, शिलाई मशीनला, मुलीच्या फीला. कुणाला किती द्यायचं हे सगळ्यांसमोर ठरतं. व्याज बहुधा महिन्याला शेकडा दोन. सावकाराच्या मानाने कमी, बँकेच्या मानाने जास्त, पण ते पेटीतच परत येतं आणि पेटी त्यांचीच. सहा महिने हिशेब नीट राहिला की बँक बचतीच्या दुपटी-चौपटीपर्यंत कर्ज देते. तारणात सातबारा लागत नाही. बायकांच्या नावावर तो सहसा नसतोच.

कारंज्याच्या बाजार समितीत आता पऱ्हाटीपेक्षा सोयाबीनचे ढीग जास्त दिसतात. ऑक्टोबरात आवार पिवळं होतं. हर्रास उघडपणे, मोठ्या आवाजात होतो: खरेदीदारांचा घोळका ढिगापासून ढिगाकडे सरकतो, कुणी मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकतो, ओल किती ते दाताखाली चावून पाहतो. काट्यावरचा आकडा लाल दिव्यांत सगळ्यांना दिसतो. शेतकरी हिशेबपट्टी घेतो, हमाली आणि तोलाई वजा झालेली रक्कम एकदा पुटपुटतो, पट्टी घडी करून खिशात ठेवतो आणि बाजाराबाहेरच्या कृषी केंद्राकडे वळतो. जूनमध्ये बी आणि खत तिथूनच उधारीवर नेलेलं असतं. दुकानदार वही उघडतो आणि पट्टीसाठी हात पुढे करतो.