मजकुरातून आकृती : एका संगणकीय परंपरेचा विचार

अक्षरचिन्हांच्या साहाय्याने आकृती सिद्ध करण्याचा प्रयत्न संगणकाच्या इतिहासात बराच जुना आहे. लोइस हेब्ट यांनी १९५९ मध्ये व डोनाल्ड क्नूथ यांनी १९६३ मध्ये संगणकाकरवी प्रवाहआकृत्या काढण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. तत्कालीन ओळमुद्रकाला केवळ ठरावीक चिन्हे छापता येत. त्यामुळे रेघ म्हणजे चिन्हांची रांग, असेच समीकरण होते. ही रीत पुढेही टिकली. सप्टेंबर १९८१ च्या 'आर.एफ.सी. ७९३' या दस्तऐवजातील टी.सी.पी.च्या शीर्षभागाची चौकट अधिक, उणे व उभी दांडी या चिन्हांनीच आखलेली आहे.

बेल लॅबोरेटरीजमधील ब्रायन कर्निहन यांची 'पिक' ही भाषा मात्र निराळ्या तत्त्वावर उभी होती. तिच्यावरील त्यांचा निबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत आकृती रेखाटायची नसून सांगायची असते : चौकोन, मग बाण, मग दुसरा चौकोन. हा मजकूर 'पिक' या आज्ञेतून 'ट्रॉफ' या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीकडे जाई. तिचे व्याकरण 'याक' या साधनाने बांधलेले होते. आकृतीलाही वाक्यविन्यास असू शकतो, हे त्यातून प्रत्ययास आले.

'डॉट'ने याहीपुढची पायरी गाठली. तिची पद्धती गॅन्सनर, कुत्सोफिओस, नॉर्थ व व्हो यांनी १९९३ च्या निबंधात विशद केली. लेखकाने कोणता बिंदू कोणाशी जोडलेला आहे एवढेच लिहावयाचे. स्तर, स्तरांतील क्रम, प्रत्यक्ष स्थान आणि जोडरेषांची वळणे या चार टप्प्यांत आज्ञावलीच मांडणी ठरवते. फाइलचे नाव व हवा तो चित्रप्रकार आज्ञेत दिला की चित्र तयार होते.

यावरून ही परंपरा चित्राकडून विधानाकडे सरळ गेली असे म्हणावे, तर २००४ मधील स्ताथिस सिदेरिस यांची 'डिटा' ही आज्ञावली त्या अनुमानास बाध आणते. ती जुन्याच चिन्हांच्या चौकटी वाचून त्यांचे रेखीव चित्र बनवते. येथे मजकूर स्वतःच आकृती असतो. 'पिक' व 'डॉट' यांत तो आकृतीचे वर्णन असतो.

हा भेद मराठीच्या अभ्यासकास केवळ तात्त्विक नाही. 'डिटा'ची पद्धती प्रत्येक चिन्हामागे एक घर गृहीत धरते. देवनागरीतील 'क्ष' हे अक्षर युनिकोडमध्ये क, हलन्तचिन्ह व ष अशा तीन संकेतांनी लिहिले जाते. डोळ्यांना मात्र ते एकच दिसते. त्यामुळे मराठी शब्द घातलेल्या चौकटीची उजवी कड पडद्यावर जुळलेली दिसली तरी घरांच्या हिशेबात ती चुकते. संबंध सांगणाऱ्या भाषेत ही अडचण उद्भवत नाही, कारण अक्षरांची रुंदी टंकावरून मोजली गेल्यावर चौकट आखली जाते. वाक्यवृक्ष किंवा नातेसंबंधांच्या आकृत्या मराठीत जतन करावयाच्या असतील, तर मूळ प्रत म्हणून संबंधांचे विधानच राखणे अधिक श्रेयस्कर होय. चित्र त्यातून केव्हाही पुन्हा काढता येते. चित्रातून ते संबंध परत मिळवणे मात्र तितके सुकर नाही.