रोमी कळा आणि वाळपईतील ‘ळ’

आपल्या गावाचे नाव रोमी लिपीत लिहिले, की त्यातील ‘ळ’ लोपतो. वी, ए, एल, पी, ओ, आय या सहा अक्षरांत ‘ल’ तेवढा उरतो आणि परक्या माणसाच्या तोंडी वाळपईचे ‘वालपोई’ होते. ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु परक्या लिपीत आपला उच्चार कसा राखावा, या प्रश्नाला गोव्यात चारशे वर्षांहून अधिक इतिहास आहे आणि त्याचा एक धागा थेट चीनपर्यंत पोहोचतो.

गोव्यात छापखाना आला तो 1556 साली. खिळे होते ते रोमी, देवनागरीचे नव्हते. त्यामुळे 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राशोल येथे रोमी लिपीतच छापले गेले. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 साली, तेथेच प्रसिद्ध झाले. सव्वीस अक्षरांहूनही तोकड्या वर्णमालेत आपले ट, ड, ण, ळ बसवायचे कसे? या लेखनपरंपरेने काढलेला तोडगा साधा होता : अक्षर दोनदा लिहावे. एक ‘एल’ म्हणजे ‘ल’, दोन ‘एल’ म्हणजे ‘ळ’. रोमी कोकणीत हा संकेत आजही पाळला जातो. त्या हिशेबाने वाळपईच्या नावात दोन ‘एल’ हवेत.

स्टीफन्स गोव्यात आले त्याच्या आदल्याच वर्षी, 1578 मध्ये, मत्तेओ रिच्ची हा तरुण इटालियन जेझुइट येथे उतरला होता. 1582 मध्ये तो मकावला आणि पुढे चीनमध्ये गेला. तेथील अडचण वेगळी होती. चिनी भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो. संगीत जाणणाऱ्या लाझारो कत्तानेओ या सहकाऱ्याच्या साहाय्याने रिच्चीने रोमी अक्षरांवर सुरांच्या खुणा योजिल्या. त्याच परंपरेतील निकोला त्रिगो याचा ग्रंथ 1626 साली चीनमध्ये छापला गेला. पुढे अनेक पद्धती आल्या. अखेर 1958 मध्ये चीन सरकारने ‘पिनयिन’ ही रोमी लेखनपद्धती स्वीकारली. तिच्या घडणीत झोउ योउग्वांग या विद्वानाचा मोठा वाटा होता. पिनयिनमधील ‘मा’ या एकाच अक्षरगटावर चार निरनिराळ्या खुणा दिल्या, की अनुक्रमे आई, ताग, घोडा आणि रागे भरणे असे चार अर्थ होतात. खूण गाळली, तर आई आणि घोडा यांत भेद उरत नाही.

संगणक आला तेव्हा नेमक्या या खुणांवरच संक्रांत आली. पश्चिम युरोपच्या भाषांसाठी केलेल्या वर्णसंचात पिनयिनच्या दुसऱ्या व चौथ्या सुरांच्या खुणा होत्या. पहिल्या आणि तिसऱ्याच्या नव्हत्या. मग लोक अक्षरापुढे एक ते चार आकडे लिहू लागले. ‘ळ’ आणि ‘ण’ दाखविण्यासाठी विद्वान रोमी अक्षराखाली जो टिंब देतात, तोही त्या संचात नव्हता. 1991 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने हळूहळू ही कोंडी फोडली. चिनी अक्षरे, सुरांच्या खुणा आणि आपली देवनागरी एकाच पानावर नांदू शकली.

टंकनाची रीतही सारखीच झाली. चिनी माणूस रोमी कळांवर पिनयिन उमटवितो आणि समोर आलेल्या यादीतून आपले चिनी अक्षर निवडतो. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट हा स्वतंत्र कळफलक आहे. तरीही पुष्कळजण रोमी कळा दाबूनच देवनागरी मिळवितात. आयट्रान्ससारख्या पद्धतीत लहान ‘एल’ने ‘ल’ येतो, मोठ्या ‘एल’ने ‘ळ’. स्टीफन्सच्या काळी जे काम जोडअक्षराने केले, ते येथे शिफ्टची कळ करते. फरक एवढाच, की छापखान्यात रोमी अक्षर हाच मुक्काम होता. येथे ते केवळ वाट आहे.

वाटेलाच मुक्काम मानले, तर मात्र हानी होते. परगावी असलेली आपली मुले भ्रमणध्वनीवर मराठी लिहितात ती बहुधा खुणा नसलेल्या रोमीत. तेथे काल आणि काळ, मन आणि मण एकच होतात. संदर्भाने अर्थ लागतो, हे खरे. पण ज्या मुलाने तो शब्द घरी ऐकलेलाच नाही, त्याला संदर्भ कोठून लाभणार?

दुसरी हानी अधिक मुकी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्यापैकी अनेकांनी वंशावळी, देवस्थानचे वृत्तान्त, वडिलांच्या आठवणी संगणकावर उतरविल्या. त्या काळच्या कित्येक फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसे, परंतु धारिकेत साठविलेले असे रोमी अक्षरांचे संकेतांक. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच धारिका उघडली, तर निरर्थक रोमी अक्षरांची रांग दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो. कोणत्या फॉन्टात लिहिला हे ठाऊक असले, तर रूपांतर करणाऱ्या साधनांनी तो युनिकोडमध्ये आणता येतो. ते ठाऊक असणारी माणसे आहेत तोवर हे काम उरकायला हवे. नंतर ताडून पाहण्यास मूळ प्रत वाचलेला कोणी उरणार नाही.

मोडीतील कागद वाचणारे आपल्या घरांतून कसे विरळ होत गेले, हे आपण जाणतोच. देवनागरीत लिहिलेल्या मजकुरावर तीच पाळी केवळ फॉन्टापायी यावी, हे उचित नव्हे.