परतीच्या वाटेवरील नाकी

विद्येसाठी परमुलखात गेलेल्या माणसाची कथा आपले चरित्रकार मोठ्या हौसेने बंदरापासून सुरू करतात. निरोपाचे अश्रू, जहाजाचा भोंगा आणि थंड देशातील हालअपेष्टा यांना त्यांच्या ग्रंथांत प्रकरणेच्या प्रकरणे मिळतात; परंतु तोच माणूस परत आला तेव्हा ज्ञातीने, सावकाराने आणि सरकारने त्याला कोणत्या अटींवर घरात घेतले, हा विषय दोन वाक्यांत उरकला जातो. वस्तुतः या इतिहासातील अवघड भाग परतण्याचाच आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, जाम आणि कन्हान या नद्यांच्या आसमंतात वसलेल्या पांढुर्णा व सौंसर या मराठी बोलणाऱ्या तहसिलींतून पाहिले, म्हणजे ही गोष्ट पुण्यामुंबईहून दिसते त्याहून निराळी दिसते.

धर्मशास्त्रकारांना हे मर्म ठाऊक होते. बौधायनाने समुद्रगमनाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली. पुढे कलियुगात वर्ज्य मानलेल्या गोष्टींची जी यादी निबंधकारांनी सिद्ध केली, तीत नौकेने समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाला, तो प्रायश्चित्ताने शुद्ध झाला तरीही, पुन्हा व्यवहारात घेऊ नये, असा निर्बंध आला. येथे निषेधाचा रोख जाणाऱ्यावर जितका आहे, त्याहून अधिक त्याला परत घेणाऱ्या समाजावर आहे. तथापि आपल्या लोकांनी शास्त्राची ही कडक बाजू नेहमीप्रमाणे सोयीने वाकवली. राघोबादादांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणास वकील म्हणून इंग्लंडास पाठविले आणि १७८१ मध्ये तेथे एडमंड बर्कने त्याचा पाहुणचार केला; परतल्यावर राघोबांच्या वकिलांना सुवर्णाच्या योनीतून पार करून पुनर्जन्म दिला गेला, असे कंपनीच्या नोकरीतील विल्फर्डने लिहून ठेवले आहे. इतके सोने ज्यांच्यापाशी नव्हते, त्यांच्या वाट्याला क्षौर, पंचगव्य, दक्षिणा आणि ब्राह्मणभोजन आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर हा विधी पुष्कळांच्या बाबतीत दस्तुरीसारखा झाला होता: रक्कम भरावी, पावती घ्यावी आणि पंक्तीस बसावे. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनात घेतलेल्या चहावरून जे ग्रामण्य माजले, त्यात न्यायमूर्ती रानड्यांसारख्यानेही प्रायश्चित्त पत्करले. चिरोल या इंग्रज पत्रकाराविरुद्धच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यासाठी विलायतेस जाऊन १९१९ मध्ये परतलेल्या लोकमान्य टिळकांनीही ते घेतले. आनंदीबाई जोशी मात्र फिलाडेल्फियाहून वैद्यकीची पदवी घेऊन १८८६च्या नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या, तेव्हा क्षयाने खंगलेल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असूनही तेथे रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या पुण्यात निवर्तल्या.

हे सारे नाट्य मूठभर वर्णांचे होते, ही गोष्ट पुण्याच्या वृत्तपत्रांतून वाचणाऱ्यास सहसा लक्षात येत नाही. पांढुर्णा-सौंसरकडील कुणबी, पवार, माळी, तेली, कोष्टी, महार आणि गोंड यांना समुद्र ओलांडण्याची संधीच नव्हती, मग त्याच्या प्रायश्चित्ताची चिंता कोठून असणार! या मुलखाच्या स्मृतीत दूरदेशी जाऊन परतलेला पहिला मोठा मनुष्य म्हणजे सौंसरच्या उत्तरेस असलेल्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद. गादीच्या तंट्यात त्याने औरंगजेबाचा आश्रय घेतला आणि इस्लाम स्वीकारला. दिल्लीचे वैभव पाहून परतल्यावर त्याने आपल्या रानवट राज्यात बाहेरचे कारागीर व शेतकरी आणून वसविले आणि १७०२च्या सुमारास लहान लहान वाड्या एकत्र करून नागपूर उभारले. धर्म बदलून आलेल्या या राजाला त्याच्या माणसांनी जसे नांदू दिले, तसे नांदू देण्याचे औदार्य पेशवाईतील एखाद्या ब्रह्मसभेने दाखविले असते काय, याविषयी मला शंका आहे. अर्थात येथली माणसेही सर्वस्वी उदार होती असे नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात जी गोटमार होते, तिची लोकांत चालत आलेली कथा परतीचीच आहे: पांढुर्ण्याचा तरुण सावरगावची मुलगी घेऊन घराकडे निघाला आणि ऐन पात्रात त्या दोघांवर दगड बरसले.

या तहसिलींतील मुलांचा खरा परदेश नागपूर हाच होता. तेथे १८८३ मध्ये हिस्लॉप आणि १८८५ मध्ये मॉरिस ही महाविद्यालये निघाली, शेतकीच्या उच्च शिक्षणाची सोय १९०६ मध्ये झाली आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी विद्यापीठ स्थापन झाले; तोवर पदवी मिळायची ती आधी कलकत्त्याची आणि मागाहून अलाहाबादची. मुंबईहून येणारी आगगाडी नागपूरला १८६७ मध्ये पोचली होती. पण तेथून सौंसरला छोट्या रुळांची गाडी १९१३च्या सुमारास आणि पांढुर्ण्याला इटारसीकडे जाणारी मोठी गाडी त्याहूनही पुढे, १९२०च्या दशकात आली. तत्पूर्वी सुट्टीला घरी येणे म्हणजे बैलगाडीचा प्रवास होता, आणि कापसावर चार पैसे मिळालेल्या मालगुजाराच्या वा सधन पाटलाच्या मुलालाच तो परवडत असे. असा मुलगा शिकून परतला तर त्याने वहिवाट पाहावी की सरकारी चाकरी, हा पेच घरोघर पडे. त्यातच शिक्षणासाठी सावकाराकडून काढलेले कर्ज फेडायचे असे; आमच्याकडे ज्ञातीच्या नाक्याऐवजी हे कर्जाचे नाके होते.

या नाक्याचे सर्वांत बोलके उदाहरण शेजारच्या वऱ्हाडात सापडते. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ मध्ये जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२० मध्ये विलायतेस गेले, तेव्हा त्यासाठी वडिलांना कर्ज काढावे लागले. वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून आणि बॅरिस्टर होऊन ते १९२६ मध्ये परतले. कुणब्याच्या मुलाने ऑक्सफर्डात वेदांवर लिहावे आणि परत येऊन अमरावतीस अस्पृश्यांसाठी अंबादेवीचे मंदिर खुले व्हावे म्हणून झुंजावे, हे परतण्याच्या इतिहासातील एक नवे वळण होय: येथे परतणाराच समाजाला प्रायश्चित्त सांगत होता. श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांनी पुढे १९३०च्या दशकाच्या आरंभी काढली.

मात्र डॉ. आंबेडकरांच्या १९१७ मधील परतण्यापुढे हे सर्व सौम्य वाटते. बडोदे सरकारच्या विद्यावेतनावर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले होते आणि त्या बदल्यात दहा वर्षे चाकरी करण्याचा करारनामा त्यांनी लिहून दिला होता. लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून ते कराराप्रमाणे बडोद्यास रुजू झाले, तर कचेरीतील शिपाई कागद दुरून फेकू लागले, शहरात बिऱ्हाड मिळेना आणि पारशी वसतिगृहात घेतलेला आसरा जातीचा बोभाटा होताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने हिरावून घेतला. समुद्र ओलांडल्याच्या पातकाला पंचगव्याचा उतारा होता. जन्माने लादलेल्या अस्पृश्यतेला कोणत्याही निबंधग्रंथात उतारा नव्हता. प्रायश्चित्ताच्या प्रथेचा उपहास करणाऱ्या सुधारकांनी हा फरक क्वचितच ध्यानात घेतला.

राजसत्तेचे नाके वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांच्या वाट्याला आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घर सोडलेला हा विद्यार्थी अमेरिकेत शेतकी शिकला, गदर चळवळीत पडला आणि इंग्रज सरकारने परतीची दारे बंद केल्यामुळे मेक्सिकोत मका व गहू यांच्या संशोधनात रमला. तेथील चित्रकार दिएगो रिवेरा याने त्यांना एका भित्तिचित्रात रेखाटले आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात आले आणि १९५५ मध्ये कायमचे नागपुरात स्थायिक झाले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातील सौंसर-पांढुर्ण्यासह, भोपाळ राजधानी झालेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला.

त्या दिवसापासून पांढुर्ण्याचा मुलगा कॉलेजासाठी नागपूरला गेला की कागदोपत्री परराज्यात जातो. तेथे त्याला अधिवासाचा दाखला विचारतात. आणि पदवी घेऊन तो परतला की मध्य प्रदेशाच्या चाकरीसाठी येथले मूळ निवासी प्रमाणपत्र लागते, स्पर्धा परीक्षा हिंदीतून किंवा इंग्रजीतून द्यावी लागते आणि घरात मात्र वऱ्हाडी वळणाची मराठीच चालते. जर्मनी किंवा अमेरिकेहून शिकून नागपूरच्या विमानतळावर उतरणाऱ्यालाही हाच शेवटचा टप्पा उरतो. त्याला पंचगव्य कोणी विचारत नाही, रहिवासाचा पुरावा विचारतात. जिल्हा कचेरीच्या कामासाठी घाट चढून छिंदवाड्यास जावे लागे, ती खेप २०२३ मध्ये पांढुर्णा हा या दोन तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून वाचली आहे.