शाळेतील स्वयंसेवकांची चारित्र्यपडताळणी : कायद्याची चौकट

कन्नडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शाळेत शिक्षकांखेरीज इतरांचाही वावर असतो. वाचनाचा तास घेणारा महाविद्यालयीन तरुण, कबड्डी शिकविणारा माजी खेळाडू, सहलीला सोबत जाणारे पालक. केंद्र सरकारच्या ‘विद्यांजली’ उपक्रमाने २०२१ पासून नव्या स्वरूपात अशा सहभागाला अधिकृत वाट करून दिली. ही माणसे पगारी नसतात, मुलांच्या निकट मात्र असतात. त्यांचा पूर्वेतिहास शाळेने कितपत तपासावा, याचे उत्तर कायद्यात सरळ सापडत नाही.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा ‘पोक्सो’ कायदा २०१२ चा. त्याखालील २०२० च्या नियमांनी शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी यांना मुलांच्या संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी बंधनकारक केली. शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी. परंतु नियमाची भाषा ‘कर्मचारी’ या शब्दापाशी थांबते. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी निघालेल्या राज्याच्या शासन निर्णयानेही भर दिला तो कायम, कंत्राटी आणि बाह्यस्रोतातून नेमलेल्यांवर. विनावेतन येणारा स्वयंसेवक या शब्दांत स्पष्टपणे बसत नाही. त्याची पडताळणी करण्यास मनाई नाही. पण ती त्याच्या संमतीने व्हावयास हवी.

मुख्याध्यापकांना पोलिसांचे दप्तर स्वतः चाळता येत नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची २०१८ मध्ये सुरू झाली, ती केवळ तपास यंत्रणांसाठी खुली आहे. अमेरिकेत अशा नोंदी नागरिकांना पाहता येतात. ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांची पडताळणी सरकारी यंत्रणा शुल्क न घेता करते. भारतात अर्जदाराने स्वतःच चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी राज्य पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करावयाचा, असा मार्ग आहे. कन्नड तालुका छत्रपती संभाजीनगरच्या ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या कक्षेत येतो.

प्रमाणपत्रातही सर्व काही उघड होत नाही, आणि ते योग्यच आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार, निकाली निघालेल्या प्रकरणातील बालकाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांना उघड करता येत नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी चूक केलेला मुलगा तिशीत शाळेत शिकवावयास आला, तर ती चूक त्याच्या आड येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

याहून नाजूक प्रश्न नोंद आणि दोषसिद्धी यांतील फरकाचा आहे. गुन्हा दाखल होणे म्हणजे अपराध सिद्ध होणे नव्हे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी व इतर जमातींवर मारलेला शिक्का कागदोपत्री १९५२ मध्ये पुसला गेला; संशयाची सवय तेवढ्या लवकर गेली नाही. ‘अमुक वस्तीतला आहे’ एवढ्यावरून कोणाला नाकारणे म्हणजे पडताळणी नव्हे. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात (२०१६) गुन्ह्याचे स्वरूप व परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा, असे सांगितले. स्वयंसेवकांनाही तीच कसोटी लावणे उचित ठरेल.

गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने ठरविले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. त्यांचा मथितार्थ असा, की ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरावी. प्रमाणपत्राची छायाचित्रे पालकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरविणे त्यात बसत नाही.

शिवाय स्वच्छ प्रमाणपत्र म्हणजे निर्दोषत्वाची हमी नव्हे. आजवर तक्रार झाली नाही, एवढेच ते सांगते. म्हणून स्वयंसेवकाला मुलांसोबत एकटे न सोडणे, त्याच्या तासाला शिक्षक हजर असणे, तक्रारपेटी नियमित उघडणे ही साधी व्यवस्था अधिक कामाची ठरते. तिला ना संमती लागते, ना पोलिसांचा शिक्का. आणि अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोक्सोच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, मग संबंधित व्यक्ती पगारी असो वा नसो.