घोडा सरकारी, ऐट आमची

स्वतःच्या देशाचा अभिमान ही जगातली सर्वांत स्वस्त चैन आहे. त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही, सकाळी लवकर उठावं लागत नाही. योग्य ठिकाणी जन्माला आलं की झालं! तेवढ्यावर भागलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण आपली मिशी वर जायची तर शेजाऱ्याची खाली उतरवलीच पाहिजे, असा समज सगळ्या देशांत आहे. इंग्रज माणूस मेजवानीतून कुणाला न सांगता सटकला, की त्याच्या भाषेत ती 'फ्रेंच रजा' होते. फ्रेंच माणूसही तसाच सटकतो. पण त्याच्या भाषेत तो 'इंग्रजी पद्धतीनं' जातो. पळणारे दोघेही, बदनाम मात्र पलीकडचा.

रोगांच्या नावांत तर हा खेळ फार रंगतो. 1495 साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स नेपल्स शहरात घुसला. त्याच सुमाराला चारचौघांत नाव घेऊ नये असा एक रोग (आपण त्याला गरमी म्हणतो) युरोपात पसरला. इटलीवाले म्हणाले, हा फ्रेंच रोग. फ्रेंच म्हणाले, छे, हा तर नेपल्सचा! रशियनांनी तो पोलंडच्या नावावर टाकला, पोलंडनं जर्मनांच्या. आपण तरी मागे का राहावं? सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी 'भावप्रकाश' या वैद्यकाच्या ग्रंथात त्याला सरळ 'फिरंग रोग' म्हटलं आणि त्यावर चोपचिनी सांगितली. म्हणजे रोग फिरंगी, औषध चिनी. कण्हणं तेवढं स्वदेशी! पुढे 1905 साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन या दोघांना त्या रोगाचा जंतू सापडला. त्याच्यापाशी कुठल्याच देशाचा पासपोर्ट निघाला नाही.

1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ घ्या. महायुद्ध चालू होतं. लढणाऱ्या देशांत आजाराच्या बातम्या दाबल्या जात होत्या. स्पेन युद्धात नव्हता. तिथल्या वर्तमानपत्रांनी साथीची बातमी मोकळेपणानं छापली. खुद्द राजा आजारी पडला, तेही छापलं. बक्षीस काय मिळालं? साथीचं नाव पडलं 'स्पॅनिश फ्लू'! घरात चोर शिरला म्हणून ओरडावं आणि लोकांनी आपल्यालाच चोर म्हणावं, तशातला प्रकार. हिंदुस्थानात त्या साथीनं एक कोटीहून जास्त माणसं नेली. पण आपल्याकडच्या जुन्या माणसांनी तिला नाव दिलं 'मानमोडी'. ती कुणाची, ही चौकशी नाही; ती करते काय, एवढंच सांगितलं. रोगाला देशाचं किंवा गावाचं नाव देऊ नका, हे जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं ते 2015 साली. तरीही 2020 मध्ये ईशान्य भारतातून शिकायला, नोकरीला आलेल्या मुलामुलींना आपल्याच शहरांत नुसत्या चेहऱ्यावरून 'कोरोना' अशा हाका ऐकाव्या लागल्या. वाडवडलांचा अभिमान वारशानं मिळतो. शहाणपण तसं मिळत नाही.

आता 'काय हे लोक!' म्हणून मान हलवण्यापूर्वी जरा बंगालात डोकावू. 1742 ते 1751 या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा तिथं वारंवार उतरल्या. आपण मात्र इतिहासात 'चौथाई वसूल केली' एवढं वाचतो आणि पान उलटतो. तिकडे कलकत्त्याच्या लोकांनी धास्तीनं शहराभोवती 'मराठा खंदक' खणायला घेतला होता. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. नाव ऐकून छाती फुगवू नका. आत आहे ती लुटीची, जाळपोळीची आणि अत्याचारांची हकिकत. तिथल्या अंगाईतसुद्धा बाळाला झोपवताना आई सांगते ते 'बर्गी' आल्याचं. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर! आपल्या गोष्टींतले वीर त्यांच्या घरी बागुलबुवा झाले होते.

म्हणून 'बंगाल्यांना मराठ्यांचा राग' असा शिक्का मारावा, तर तोही बसत नाही. त्याच बंगालात सखाराम गणेश देऊस्कर या मराठी वंशाच्या बंगाली लेखकानं शिवाजी उत्सवाचा प्रसार केला, आणि रवींद्रनाथांनी 1904 साली शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. अंगाई खरी आणि कविताही खरी. आपल्याला पाठ असते ती सोयीची.

शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. बारगिराला तो सरकारातून मिळे. इतिहासाच्या बाबतीत आपण सगळे बारगीरच आहोत. घोडा वाडवडलांचा, आपण नुसते वर बसलेले. बसावं, खुशाल बसावं. फक्त कुणाच्या अंगणातून जातो आहोत ते बघावं. आतलं मूल नुकतंच झोपलं असेल.